आवडणारं कोण: राम की दूध?

आलेलं पत्र, थोडं आखडून:

“मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 26 वर्षं मराठी शिकवते. मुलगा यंदा बी.ई. कॉम्प्युटर झाला. कॅम्पसमधून पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये हजर व्हायचंय. शैक्षणिक कर्जाचे हप्ते पुढच्या वर्षी सुरू होतील. आणि आता हा म्हणतो, नोकरी नको, तत्त्वज्ञानात एम.ए. करतो. का, विचारलं तर म्हणाला, ‘आई, कॉम्प्युटर हे तत्त्वज्ञानाचंच पोर आहे. चार वर्षं पोराकडे राहिलो, आता त्याच्या आईला भेटायचंय.’ वाक्य मला आवडलं, खोटं कशाला बोलू? पण ह्यांना इतका राग आलाय की चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलंय. पुरावा म्हणून त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मजकूर दाखवला. नासाने म्हणे संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा ठरवली आहे. मला कॉम्प्युटरवर निकालपत्रक भरण्यापलीकडे काही येत नाही. या दोन विषयांचा खरंच काही संबंध असतो का, की ही नोकरी टाळायची पळवाट आहे? त्याला जाऊ द्यावं का?”

ताई,

संबंध आहे. पळवाटही असू शकते. एक खरं ठरलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात 31 वर्षं कॉम्प्युटर शिकवला, त्यामुळे संबंधाबद्दल जरा अधिकाराने बोलते. पळवाटीचं तुम्हीच ओळखाल, पोरगा तुमचा आहे.

आधी तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर निकालात काढू. त्या थापेच्या पोटात एक खरी गोष्ट अडकली आहे, आणि ती नेमकी तुमच्या वर्गातली आहे.

नासाने असं काही ठरवलेलं नाही. झालं ते इतकंच: 1985 साली, नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. उद्यापासून संस्कृतात प्रोग्राम लिहा, असं त्यात नाही. वाक्याचा अर्थ यंत्रात साठवायला संशोधक तेव्हा जे आराखडे आखत होते, त्यांच्याशी फार जुळणारं काम संस्कृत वैयाकरणांनी आधीच करून ठेवलंय, एवढंच त्यांचं म्हणणं. उदाहरण घेतलं होतं स्वयंपाकाचं. मैत्र स्नेहापोटी देवदत्तासाठी भांड्यात, विस्तवावर भात शिजवतो. वैयाकरण हे वाक्य फोडतो तेव्हा शिजवण्याची क्रिया मध्ये ठेवतो. मग शिजवणारा कोण, शिजवायचं काय, कुणासाठी, कशात, कशाने, असं एकेक नातं त्या क्रियेला येऊन लागतं. ब्रिग्ज यांनी ज्याचा आधार घेतला तो ग्रंथकार म्हणजे नागेशभट्ट. अठराव्या शतकातला काशीचा पंडित, पण घराणं महाराष्ट्रातलं, आडनाव काळे. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे ठाऊक असतं तर त्यांनी नासाच्याही वर काळ्यांचं नाव टाकलं असतं.

ही फोड तुम्हाला ओळखीची वाटली असेल. फळ्यावर ‘राम आंबा खातो’ लिहून तुम्ही विचारता, खाणारा कोण? धातूला ‘णारा’ लावायचा, जे उत्तर येईल तो कर्ता. दोन तास सगळं सुरळीत चालतं. मग येतं ‘रामाला दूध आवडते’. आवडणारं कोण? दूध. म्हणजे कर्ता दूध. आणि मागच्या बाकावरून दरवर्षी एखादं पोर विचारतंच, “बाई, आवड तर रामाला आहे ना? दूध काय करतंय?” तुम्ही काय उत्तर देता कोण जाणे. आमच्या बाईंनी ‘पाठ कर’ म्हणून सांगितलं होतं.

त्या पोराला पाठ करायला सांगता येतं, यंत्राच्या बाबतीत ती सोय नाही. भारतीय भाषांचं भाषांतर यंत्राकडून करून घ्यायचं म्हणून विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सोबत्यांनी आयआयटी कानपूरमध्ये पाणिनीच्या कारकांवर, म्हणजे शब्दांच्या क्रियेशी असलेल्या याच नात्यांवर, उभी राहणारी एक पद्धत बसवली. ‘अक्षर भारती’ या सामूहिक नावाने ते लिहीत. 1995 साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे हैदराबादच्या ट्रिपल आयटीत हिंदीची हजारो वाक्यं अशीच फोडून ठेवली गेली, शब्दाशब्दाला चिठ्ठी लावून. ‘के-1’ म्हणजे कर्ता, ‘के-2’ म्हणजे कर्म. पण रामाला आवडतं, रामाला दिसतं, रामाला आठवतं या जातीच्या वाक्यांशी गाठ पडल्यावर त्यांना वेगळी चिठ्ठी काढावी लागली: ‘के-4-ए’, अनुभव-कर्ता. करत काही नाही, पण जे होतंय ते त्याला होतंय. मागच्या बाकावरचं पोर बरोबर होतं म्हणायचं. निदान त्याच्या शंकेला एक चिठ्ठी तरी मिळाली.

हे व्याकरण झालं, यात तत्त्वज्ञान कुठे, असं तुम्ही म्हणाल. ‘चैत्र गावाला जातो’ हे वाक्य कानावर पडल्यावर मनात मुख्य म्हणून काय उमटतं? वैयाकरण म्हणतो, जाण्याची क्रिया. चैत्र आणि गाव तिला लागून आलेले. नैयायिक, म्हणजे न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा पंडित, म्हणतो, छे, चैत्रच मुख्य. जाणं हे त्याचं विशेषण. वेदवाक्यांचा अर्थ लावणारा मीमांसक तिसरंच सांगतो: क्रियापदाच्या प्रत्ययातून जो प्रयत्न, जी ‘भावना’ कळते, ती मुख्य. हा वाद शेकडो वर्षं चालला. वरवर पाहता रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. मला तो फार वर्षांनी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पोरांच्या तोंडून ऐकू आला. बँकेचा डेटाबेस आखायचा होता. एक गट म्हणत होता, मध्ये खातेदार ठेवा, त्याला व्यवहार जोडा. दुसरा म्हणत होता, मध्ये व्यवहार ठेवा, खातेदार त्याचा एक रकाना. दोघांचाही प्रोग्राम चालला असता, पण दोघांना दिसणारं जग वेगळं होतं. नैयायिक आणि वैयाकरण जीन्स घालून भांडतायत असं वाटलं मला.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे हे सगळं हवेतलं वाटणार नाही.

नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे आलं. त्यांचा नियम साधा होता: एका कुटुंबाला एका वेळी एकच कर्ज. मी तरुण होते, घाईत होते. ‘कुटुंब क्रमांक’ असा रकाना केला, तोच क्रमांक पुन्हा आला की कर्ज नाकारायचं असं लिहिलं आणि मोकळी झाले. पहिल्याच आठवड्यात सचिवांचा फोन. एका घरात दोन भाऊ, छप्पर एक, उतारा एक, कर्ज मात्र दोघांना हवं. मी विचारलं, कुटुंब एक की दोन? ते म्हणाले, “मॅडम, चुली दोन आहेत. म्हणजे दोन.” ठीक, मी ‘चूल’ घातली. पुढच्या आठवड्यात दोन जावांचं भांडण. चुली दोन मांडलेल्या, पण रेशनकार्ड एक आणि सासूचं जेवण पंधरा पंधरा दिवस वाटून. सासू कुठल्या कुटुंबात? मग एक विधवा बहीण आली, सहा महिने एका भावाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, आणि कर्ज तिला स्वतःच्या नावावर हवं होतं. शिलाई मशीनसाठी. प्रोग्राम तिला दोन्हीकडून नाकारत होता.

तीन वेळा दुरुस्ती केली. चौथ्यांदा मी कॉम्प्युटर बंद करून सचिवांना विचारलं, हा नियम तुम्ही केलाच कशासाठी? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, एकाच्या मिळकतीवर दोघांनी कर्ज काढू नये म्हणून. म्हणजे कुटुंब हा प्रश्नच नव्हता, प्रश्न मिळकतीचा होता. मशीनचं कर्ज बाईला मिळालं. आमच्या धंद्यात या कामाला ‘ऑण्टॉलॉजी’ म्हणतात. जगात काय काय आहे, आणि ‘एक’ कशाला म्हणायचं, हे आधी ठरवणं. शब्द तत्त्वज्ञांकडून उचललेला आहे. मी तो पुष्कळ नंतर ऐकला. तेव्हा कळलं असतं तर तीन दुरुस्त्या वाचल्या असत्या. कदाचित एकच वाचली असती, फार बढाई नको.

आता तुमच्या मुलाच्या त्या वाक्याकडे वळू. कॉम्प्युटर हे तत्त्वज्ञानाचं पोर. याचा पुरावा त्याच्याकडे नासापेक्षा कितीतरी चांगला होता, त्याने तो तुम्हाला सांगितला नाही याचं मला जरा वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या लिंकन गावात जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेला जॉर्ज बूल. विद्यापीठात शिकला नाही, स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून 1849 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क इथे प्राध्यापक झाला. 1854 साली त्याने एक ग्रंथ लिहिला, विषय ‘विचारांचे नियम’. विजेचा किंवा यंत्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. माणूस नीट विचार करतो तेव्हा तो कुठले नियम पाळतो, हे त्याला समीकरणांत मांडायचं होतं. बघा कसं. गोठ्यातून पांढऱ्या गायी निवडा. आता त्या निवडलेल्यांतून पुन्हा पांढऱ्या गायी निवडा. काय मिळालं? त्याच गायी. निवडण्याला ‘क्ष’ म्हटलं, तर क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. आकड्यांत हे कुणाला जमतं? दोनाला नाही, पाचाला नाही. फक्त 0 आणि 1 यांनाच. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे सगळं. ‘एखादी गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असं होत नाही’ हा अरिस्टॉटलचा नियम बूलने याच छोट्याशा समीकरणातून काढून दाखवला. तुमचा मुलगा चार वर्षं ज्या शून्य-एकावर जेवला ते इथून आलेत, गोठ्यातून.

मग ऐंशीएक वर्षं हे गणित मुख्यतः तर्कशास्त्राच्या वर्गांत फिरत राहिलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात विजेचं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या क्लॉड शॅनन नावाच्या पोराने तत्त्वज्ञान विभागातला तर्कशास्त्राचा एक कोर्स केला आणि तिथे त्याची बूलशी भेट झाली. पुढे एमआयटीत तो रिलेंच्या, म्हणजे विजेनेच उघडझाप होणाऱ्या बटणांच्या, जोडण्यांवर काम करत होता. 1937 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने प्रबंधात लिहून दाखवलं की बटणांची जोडणी आणि बूलचं समीकरण ही एकच गोष्ट आहे.

घरात जिना असेल तर हे तुम्हाला आत्ता करून बघता येईल. जिन्यातला दिवा खालच्या बटणानेही लागतो, वरच्यानेही. समजा दोन्ही बटणं खाली, दिवा बंद. एक वर केलं, लागला. दुसरंही वर केलं, विझला. म्हणजे 0 आणि 0 शून्य, 0 आणि 1 एक, आणि 1 आणि 1 पुन्हा शून्य, हातचा एक. बेरीज झाली की नाही? हातच्यासाठी आणखी एक जोडणी लागते, बाकी बेरीज करणारं यंत्र जिन्यातल्या दिव्याच्याच हिशोबाने चालतं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वीजवाल्याकडून आणलेली दोन बटणं आणि एक बल्ब लावून हे दाखवायचे. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा बल्ब बरा.

अ‍ॅलन ट्युरिंगबद्दल दोन ओळींत उरकते, त्याच्यावर सगळेच लिहितात. 1936 मध्ये ‘यांत्रिक पद्धत म्हणजे नेमकं काय’ याची व्याख्या करायला त्याने कागदाच्या पट्टीवर खुणा करणारं एक यंत्र कल्पिलं. आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तो असा आधी एका युक्तिवादातली पायरी म्हणून आला, सामान म्हणून नंतर. आणि यंत्र विचार करू शकेल का, हा त्याचा 1950 चा लेख छापला गेला तो ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात.

तेव्हा पोर तत्त्वज्ञानाचं, मान्य. पण तुमच्या चिरंजीवांनी आईचं नाव सांगितलं आणि बापाचं गाळलं. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेतली भोकं पाडलेली कार्डं, टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, तोफगोळा कुठे पडेल याचे युद्धकाळात लागणारे तक्ते, या सगळ्या घामट, पगारी कामांशिवाय बूल आजही ग्रंथालयातच राहिला असता. शॅननच्या हातात नुसता बूल असता तर काही झालं नसतं. त्याच्या हातात रिलेसुद्धा होते.

हे मी मुद्दाम सांगतेय. नोकरीचा मुद्दा यातूनच येतो. पण त्याआधी आजच्या घडीचं थोडं, नाहीतर त्याला वाटेल बाई जुन्या गोष्टीच सांगतात.

हल्लीची यंत्रं नियम शिकवून चालत नाहीत. त्यांना ढीगभर उदाहरणं दाखवायची, ती स्वतः खूणगाठ बांधतात. या खूणगाठीला न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. उलटं करून बघा: जिथे अग्नी तिथे धूर. शंभर चुली पाहिल्या, शंभरांत धूर दिसला. तरी चूक. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. मग शंभर चुलींत धूर का होता? लाकूड ओलं होतं म्हणून. हे जे न दिसणारं ओलं लाकूड, त्याला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. व्याप्ती दिसते अग्नीची आणि धुराची, पण काम करते ती ओल.

2018 साली अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांच्या फिल्म दाखवून यंत्र शिकवलं, तिथे ते छान चालायचं. बाहेरच्या फिल्म दिल्या की घसरायचं. तपासल्यावर कळलं की फिल्म कुठल्या रुग्णालयातली आहे हे यंत्राला जवळजवळ अचूक ओळखता येत होतं. आणि काही ठिकाणी न्यूमोनियाचे रोगी जास्त होते. ओलं लाकूड! तर्कशास्त्राचा एक पेपर नीट केलेला माणूस ही शंका पहिल्या दिवशी काढतो. कंपन्यांत ती काढणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. ते मी आजवर कुणाला सोडवून देऊ शकलेले नाही.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात अटक झालेल्या माणसाला ‘कॉम्पास’ नावाचं सॉफ्टवेअर 1 ते 10 गुण द्यायचं, हा पुन्हा गुन्हा करील याचा धोका किती. 2016 मध्ये ‘प्रोपब्लिका’च्या पत्रकारांनी 7,000 हून जास्त माणसांचे गुण आणि त्यांचं पुढे काय झालं हे ताडून पाहिलं. ज्यांनी दोन वर्षांत काहीही केलं नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी 44.9 टक्क्यांवर ‘धोका जास्त’ असा शिक्का होता. तशाच गोऱ्यांपैकी 23.5 टक्क्यांवर. उघड अन्याय. कंपनीने उत्तर दिलं, आमचे गुण बघा: सात गुणांचा कृष्णवर्णीय आणि सात गुणांचा गोरा, दोघेही साधारण सारख्याच प्रमाणात पुन्हा पकडले जातात. यात पक्षपात कुठे?

दोघांचेही आकडे खरे होते. आणि त्याच सुमाराला गणितज्ञांनी सिद्ध करून दाखवलं की दोन गटांत मुळात पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण वेगळं असेल, आणि भाकीत शंभर टक्के अचूक नसेल, तर गुणांचा अर्थ दोन्ही गटांत सारखा, आणि चुकीने अडकणाऱ्यांचं नि चुकून सुटणाऱ्यांचं प्रमाणही सारखं, हे सगळं एकत्र साधताच येत नाही. तुमच्या शाळेतलं उदाहरण घ्या. दहावीला कोण नापास होईल याचा अंदाज घेऊन तुम्ही जादा तासांची यादी करता. ‘ब’ तुकडीत दरवर्षी जास्त मुलं नापास होतात. ‘यादीतला प्रत्येक मुलगा, तुकडी कुठलीही असो, सारख्याच धोक्यातला असला पाहिजे’ असं म्हणाल, तर पास होऊ शकणारी ‘ब’ मधली पोरं ‘अ’ पेक्षा जास्त संख्येने विनाकारण यादीत अडकतील. ‘विनाकारण अडकणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं ठेवा’ म्हणाल, तर यादीत नाव असण्याचा अर्थच तुकडीप्रमाणे बदलेल. कुठली वाट न्याय्य? जादा तासाचं ठीक आहे, तुरुंगाचं काय?

इथे प्रोग्रामर हात वर करतो. गणिताने आपलं काम पूर्ण केलेलं असतं, ‘दोन्ही मिळणार नाही’ असं सांगून. पुढे कोणती समानता धरायची आणि का, हे कुणीतरी बसून, शब्द तोलून, विरोधी बाजू ऐकून ठरवावं लागतं. तुमच्या मुलाला हे काम करायचं असेल, तर त्याला तत्त्वज्ञान हवं आहे, खरोखर हवं आहे.

पण त्याला हेच करायचंय का? ते मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. म्हणून एक करा. त्याला एक कोरा कागद द्या आणि म्हणा, ज्या प्रश्नासाठी दोन वर्षं द्यायची आहेत तो प्रश्न लिही. अट एकच: ‘चैतन्य’, ‘ब्रह्मांड’ आणि ‘क्वांटम’ हे शब्द वापरायचे नाहीत. कागद आठवडाभर कोरा राहिला तर ती पळवाट आहे, आणि त्यातही भयंकर काही नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या पोराला दमणूक येते, त्याला महिनाभर झोपू द्या. कागदावर ‘सासू कुठल्या कुटुंबात’ या जातीचा प्रश्न उतरला, तर तो कागद मला पाठवा, मी खूश होईन.

नोकरीचं माझं मत स्पष्ट आहे: ऑगस्टमध्ये हजर व्हावं. कर्ज हे एक कारण, ते तुम्हाला सांगायला नको. दुसरं कारण रिलेचं. बावीस वर्षांचा मुलगा कंपनीत सहा महिने दुसऱ्याच्या चुका शोधत बसला, ‘ग्राहक’ म्हणजे कोण यावर तीन विभागांचं भांडण त्याने ऐकलं, की तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो रिकाम्या हाताने जाणार नाही. एम.ए. इग्नूमधून बाहेरून करता येतं. पुण्यात विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आहे, ‘परामर्श’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघतं. जुने अंक चाळले तरी आपल्याला कुठल्या वादात रस आहे हे त्याला समजेल. कुठेही प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम मात्र उघडून बघावा, तर्कशास्त्राचे आणि भाषेच्या तत्त्वज्ञानाचे पेपर किती आहेत ते. आपण बूल शोधायला जातो आणि दोन वर्षं भलतंच वाचत बसतो, असं व्हायला नको. शिवाय न्यायशास्त्राची ओळख करून देणारा ‘तर्कसंग्रह’ मागवा. छोटं पुस्तक आहे, संस्कृत सोपं आहे, तुम्ही त्याला शिकवू शकाल. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही.

नोकरीत शिरलेला माणूस पुन्हा अभ्यासाकडे वळत नाही, ही त्याची भीती असेल, आणि ती खोटी नाही. मी पुष्कळ वळलेले पाहिले नाहीत. म्हणून आत्ताच तारीख ठरवा. पुढच्या ऑगस्टमध्ये इतके हप्ते भरून झालेले असतील आणि तेव्हाही कागदावरचा प्रश्न तोच असेल, तर पूर्ण वेळ शिकायला तुम्ही दोघं आडवे येणार नाही, असं त्याला सांगा. ह्यांच्या समोर सांगा. तुम्ही एकटीने शब्द दिलात तर घरात चुली दोन होतील.

आणि चार दिवसांचा अबोला मोडायचाय ना? रात्री तिघं जेवायला बसाल तेव्हा तुमच्या नेहमीच्या पद्धतीने एक वाक्य पानावर वाढा: ‘बाबांना राग आला.’ येणारा कोण? राग. मग यात बाबा कोण, ते त्याला विचारा. उत्तर त्याने त्यांच्याकडे बघून द्यायचं. काय म्हणाला, ते मला कळवा.